मर्यादवेल आणि सुरूचे बन : वालुकागिरीच्या पुनःस्थापनेत भाषेची साक्ष

किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर लावलेली झाडे काढून तेथील मूळ अधिवास पुन्हा उभा करणे, हा विषय वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा आहे. परंतु ‘मूळ’ कोणते, असा प्रश्न उपस्थित होताच तो भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो. या प्रश्नाच्या संदर्भात वनस्पतिनामे आणि काव्य यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वालुकागिरी ही स्थिर वस्तू नव्हे. लाटांनी टाकलेली वाळू वारा आत नेतो. वेल किंवा गवत आडवे आले की ती तेथे साचते. गाडली गेलेली वेल पुन्हा वर फुटते आणि टेकडी वाढते. वादळात समुद्र तिचा पुढचा भाग खातो, नंतर तीच वाळू हळूहळू परत येते. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर हे काम करणाऱ्या एका प्रमुख वेलीला मराठीत ‘मर्यादवेल’ म्हणतात. हे नाव अर्थपूर्ण आहे. ही मर्यादा भिंतीसारखी अचल नाही. ती मागेपुढे सरते, आणि सरते म्हणूनच टिकते.

सुरूचे झाड या व्यवस्थेत उशिरा आले. भारताच्या मुख्य भूमीवर ते मूळचे नाही. १८६८ मध्ये कारवार परिसरात त्याची लागवड झाल्याचा उल्लेख वनशास्त्रीय लेखनात वारंवार येतो. मद्रास इलाख्यात आगगाडीच्या इंजिनांना जळण म्हणून ते वाढविले गेले. त्याच्या नावांतही हे उपरेपण उमटले आहे. ‘सुरू’ या शब्दाचे नाते फारसी ‘सर्व’ या वृक्षनामाशी दिसते, आणि तो वृक्ष निराळा. बंगाली व ओडिया भाषांतील ‘झाऊ’ हे नाव हिंदीत नदीकाठच्या दुसऱ्याच झुडपाचे आहे. नव्या झाडाला जुन्या झाडाचे नाव मिळाले, आणि त्याचे नवेपण विस्मृतीत गेले. आज कोकणातील किनारा म्हटला की अनेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम सुरूचे बनच उभे राहते.

याउलट प्राचीन तमिळ संघम काव्यातील साक्ष पाहावी. तेथील पाच ‘तिणै’पैकी ‘नेय्दल्’ हा समुद्रतीराचा प्रदेश. त्यात ‘एक्कर्’ म्हणजे वाळूचे उंचवटे येतात, ‘पुन्नै’ म्हणजे उंडी येते, ‘ताळै’ म्हणजे केतकी येते. आणि ‘अडुंबु’ नावाची वेलही येते. अडुंबु म्हणजेच मर्यादवेल, असे सामान्यतः मानले जाते. तिच्या दुभंगलेल्या पानास हरणाच्या पावलाची उपमा दिलेली आढळते; आधुनिक शास्त्राने तिच्या लॅटिन नावात बकरीचे पाऊल पाहिले. दोघांनी पाहिलेले पान एकच असावे, असे मानण्यास हा आधार पुरेसा आहे.

अर्थात काव्य म्हणजे भूमापन नव्हे. नेय्दल् हा विरहव्यथेचा संकेत आहे, आणि संकेतात निवड असते. काव्यातून वेलीचे अस्तित्व कळते, तिने व्यापलेले क्षेत्र कळत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित होते : सुरूपूर्व किनारा ओसाड नव्हता. ‘पडीक वाळू’ हे वर्णन वृक्षारोपणाच्या सोयीचे होते, वस्तुस्थितीचे नव्हे.

हा वाद केवळ ग्रांथिक नाही. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर व २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर संरक्षक पट्टा म्हणून सुरूला नव्याने महत्त्व आले. भरतीरेषेपर्यंत लावलेल्या दाट बनाखाली सावली आणि गळालेल्या काड्यांचा थर यांमुळे वेली व गवते मरतात. वाळूची ये-जा अडते, आणि अंडी घालण्यास मोकळी कोरडी वाळू शोधणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासविणीस जागा उरत नाही. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने वालुकागिरींना संवेदनशील क्षेत्रांत स्थान दिले, हे या दृष्टीने महत्त्वाचे होय.

पुनःस्थापना मात्र केवळ तोडीने साधत नाही. सुरूच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव नत्र स्थिर करतात. झाड गेले तरी माती सकस राहते आणि तण माजते. म्हणून समुद्राकडील पट्ट्यापासून टप्प्याटप्प्याने झाडे काढणे, काड्यांचा थर उचलणे, मर्यादवेलीची खोडे रुजविणे आणि मागील बाजूस उंडी व केतकी यांना वाव देणे, हा क्रम युक्त ठरतो. इंग्लंडमधील एन्सडेल येथे १९९० च्या दशकात वालुकागिरींवरील पाइन काढण्यात आले, तेव्हा स्थानिकांनी तीव्र विरोध केला. दोनतीन पिढ्यांना ते बनच निसर्ग वाटत होते, आणि तांबड्या खारींचा तेथे आसरा होता.

भारतीय किनाऱ्यावरही सुरूच्या बनाने चुलीला जळण व वाटसरूला सावली दिली आहे. त्या ऋणाचा उल्लेख टाळून केलेली पुनःस्थापना लोकांना परकी वाटेल. येथेच भाषेची साक्ष उपयोगी पडते. मर्यादवेल हा शब्द कोणा तज्ज्ञाने बाहेरून आणलेला नाही. किनारा कशाने राखला जातो, याचे ज्ञान त्या नावात आधीपासूनच आहे. पुनःस्थापनेला आरंभ करावयाचा तो तेथून.