चेंडू हातात नसेल तर वाट सोडा

प्रश्न : माझा मुलगा शाळेकडून बेसबॉल खेळतो. परवा दुसऱ्या बेसला वळसा घालताना तो वाटेत उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपवर आदळला. पंचांनी नुसतं बोट दाखवलं, खेळ चालूच ठेवला. पुढे मुलगा होम प्लेटवर टॅग झाला, तरी त्याची धाव धरली. समोरचा मुलगा काही मुद्दाम आडवा आला नव्हता. मग हे बरोबर कसं?
— एक पालक, अहिल्यानगर

उत्तर : पंचांचं बरोबर होतं. ‘मुद्दाम’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे रुजला आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध तिसरी धाव घेताना सचिन तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळला, नदीम खानची फेक थेट यष्ट्यांवर बसली आणि तिसऱ्या पंचांनी सचिनला बाद दिलं. प्रेक्षक खवळले, पण क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने जाणूनबुजून अडवलं तरच दंड होतो.

बेसबॉलचा पंच हेतू पाहतच नाही. तो पाहतो ते एवढंच : क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू होता का, किंवा तो त्या क्षणी चेंडू अडवत अथवा झेलत होता का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल आणि धावकाची गती तुटली असेल, तर तो अडथळा. सूर मारून चेंडू हुकला आणि खेळाडू तिथेच पडून राहिला, तरीही अडथळाच.

आता बोट दाखवून खेळ चालू ठेवण्याविषयी. ज्याला अडवलं त्याच धावकाला बाद करण्याचा प्रयत्न त्या वेळी चालू असेल, तर पंच लगेच खेळ थांबवतात आणि त्याला किमान एक बेस पुढे देतात. तुमच्या मुलाच्या वेळी चेंडू दुसरीकडे असणार. अशा वेळी खेळ संपू देतात आणि मग, अडथळा नसता तर धावक कुठवर पोहोचला असता, हे ठरवून तिथवरचे बेस देतात. चेंडू किती लांब होता, धावक किती वेगात होता, हे त्या क्षणीच टिपावं लागतं. म्हणून मला हा पंचगिरीतला फार अवघड निर्णय वाटतो.

२६ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा सामना याच नियमावर संपला. बॉस्टनचा विल मिडलब्रुक्स हुकलेल्या फेकीमागे तिसऱ्या बेसजवळ पडला होता. सेंट लुईसचा ॲलन क्रेग त्याला अडखळून पडला, उठून होमकडे धावला आणि तिथे टॅग झाला. पण पंच जिम जॉइस यांनी अडथळ्याची खूण आधीच केली होती. धाव मिळाली, सेंट लुईस ५-४ ने जिंकलं. मिडलब्रुक्सचा हेतू कोणी विचारला नाही.

याची दुसरी बाजूही मुलाला सांगा. बॅटने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षक टिपत असेल, तेव्हा वाट त्याची असते. तिथे धावक आडवा आला तर बाद धावकच होतो. आणि धडक झाली म्हणून थांबून पंचांकडे बघत बसू नकोस, पळत राहा, हेही सांगा. पंचांच्या मते जेवढे बेस त्याच्या हक्काचे होते त्यापलीकडे धावून तो टॅग झाला, तर मात्र बादच.