दगडीवरचा लेप

पोरी, दगडी म्हणजे गाईच्या कासेचा दाह, तो ओळखायला उशीर झाला की सड हातचं जातं. धारेला बसलीस की प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घे. बारीक कण आणि गाठी काळ्यावर लगेच दिसतात, चरवीत दिसत नाहीत. कासेवरून हात फिरवून बघ, एखादा भाग गरम किंवा टणक लागतो का. गाय शांत असूनही एका सडाला हात लागला की पाय उचलत असेल, तर तिथंच दुखतंय.

औषध आपल्या परड्यातलंच. कोरफडीची पाव किलो पानं काटे काढून सालीसकट घे, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम खायचा चुना घालून बारीक वाट. हळद चुन्यात पडली की लाल होते, कुंकू याच मेळातून होतं. वाटण पिवळंच राहिलं तर चुना उघडा राहून मेलेला आहे, ताजा आण. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही हाच लेप गावोगावी शिकवतं.

लावण्यात मात्र सगळे कंटाळा करतात. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावून गुण येत नाही. आधी दुखरं सड पूर्ण पिळून रिकामं कर, कारण जंतू आतल्या दुधावरच वाढतात. कास धुऊन कोरडी कर, मूठभर वाटण पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लाव. वाळलं की धुवायचं, पिळायचं, पुन्हा लावायचं. असं दिवसाकाठी आठ-दहा वेळा, पाच दिवस. सोबत रोज दोन लिंबं चिरून खाऊ घाल, तीन दिवस. दुधात रक्त दिसलं तर लेपाच्या जोडीला कढीपत्ता आणि गूळ वाटून पोटातून दे.

सड तुंबलं म्हणून त्यात काडी घालणारे अजून आहेत. तुझ्या गोठ्यात कुणाला घालू देऊ नकोस, आतली नळी फाटते आणि सड कायमचं बंद होतं.

गाय तापली, वैरण सोडली, दूध पाण्यासारखं झालं किंवा कास थंड, निळसर पडली, तर लेप बाजूला ठेव आणि त्याच घटकेला डॉक्टरांना बोलाव. असा दाह एका रात्रीत गाय घेऊन जातो. डॉक्टरांनी सुई दिली तर ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही नाही.

आजारी गाईची धार सगळ्यांच्या शेवटी काढ. खराब दूध गोठ्यात सांडू नकोस, लांब खड्ड्यात ओत. अंगठा मुडपून धार काढायची सवय सोड, मुठीनं काढ, अंगठ्यानं सड आतून दुखावतं. आणि धार झाली की लगेच गव्हाणीत हिरवा चारा टाक. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर ती खात उभी राहिली पाहिजे, शेणात बसता कामा नये.