बाळाच्या पोटाचे थेंब

दिवेलागणीची वेळ झाली की दीड महिन्याचे बाळ पाय पोटाशी घेते, तोंड लालबुंद करून रडते. आजी म्हणते, पोटात वात धरला. शेजारीण म्हणते, दूध पुरत नसेल. आणि मेडिकलवाला प्रोबायोटिक थेंबांची बोटभर बाटली पुढे करतो. एवढ्याशा बाटलीत कधी कधी एका दिवसाची मजुरी जाते, म्हणून ती घेण्याआधी थोडे समजून घेऊ.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत, उपयोगी जिवाणू. दही लागते तेही अशाच काही जिवाणूंमुळे. (म्हणून कोणी तान्ह्याला दही चाटवू नये!) बाळाच्या आतड्यात हे जिवाणू जन्मापासून वस्तीला येऊ लागतात. आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते, जी बाळाला स्वतःला पचत नाही. ती बिफिडो जातीच्या जिवाणूंचे अन्न असते. म्हणजे ताई, तुमचे दूध बाळालाही पोसते आणि त्याच्या पोटातल्या या जिवाणूंनाही. बाळंतपणानंतरचा पिवळसर चीक पिळून टाकू नका, तो बाळाच्याच हक्काचा आहे.

मग थेंब निरुपयोगीच का? तसेही नाही. २००७ साली इटलीतील तुरीन येथे अंगावर पिणाऱ्या, पोटदुखीने रडणाऱ्या बाळांना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूचे थेंब दिले, तेव्हा रडणे बरेच कमी झाले. पण २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या अभ्यासात, ज्यात वरचे दूध पिणारी बाळेही होती, फायदा दिसला नाही. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला डॉक्टरांनी लिहून दिले तर थेंब द्यावेत. बाटलीवर जिवाणूचे नाव वाचा. एकाचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. गरम दुधात घालू नका, जिवाणू मरतात. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप थांबते. तोवर आजीचा एक उपाय उत्तम : पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे. गुटी, ग्राइप वॉटर, मध मात्र नको. मधातून एक वर्षाखालील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

अंगावर पिणारे बाळ कधी चार-पाच दिवस शी करत नाही. पोट मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, तर घाबरू नका.

जुलाबात मात्र थेंबांवर विसंबणे महागात पडते. तिथे जीव वाचवते ते ओआरएस, चालू ठेवलेले अंगावरचे दूध आणि १४ दिवस झिंक : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांनंतर पूर्ण गोळी. जुलाब थांबले तरी झिंक मध्येच सोडू नका. हे दोन्ही आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दोन महिन्यांखालील बाळाला जुलाब झाले तर घरी उपचार नकोत, थेट दवाखाना.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला हे थेंब मनाने कधीच देऊ नयेत. अशा बाळांच्या रक्तात हे जिवाणू शिरून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२३ साली दिला आहे.

ताप, हिरवी उलटी, शीत रक्त, फुगलेले कडक पोट, खोल गेलेली टाळू, किंवा बाळ प्यायचेच थांबले, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ वर फोन करा.