श्टुटगार्टला निघालेल्या भाचीसाठी मावशीचे कानमंत्र

पोरी, कुकर, हिंग आणि गोडा मसाला तुझी आई बांधून देईलच, ती यादी तिच्याकडे. माझी यादी माणसं जोडायची आहे. तू जातेयस त्या श्वाबेन मुलखातली माणसं पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाहीत. पण दर आठवड्याला ठरल्या वेळी त्यांच्यासोबत काही ना काही करत राहिलीस, तर ती जन्मभराची होतात. सगळं एका दमात वाचू नकोस, विमानात वेळ असतो.

१. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदव, आणि घरमालकाच्या सहीचा कागद आधीच मागून ठेव — त्यावाचून पुढची बरीच कामं अडतात, आणि डोक्यात कागदपत्रं घोळत असली की समोरच्याचं नावही लक्षात राहत नाही.

२. जिन्यात, लिफ्टमध्ये, तळघरातल्या धुण्याच्या मशीनपाशी जो भेटेल त्याला 'ग्र्युस गॉट' म्हण — हाक देईल त्याला दार, गप्प राहील त्याला भिंत.

३. भाड्याच्या घरात गेलीस तर शेजारपाजारच्या बेला वाजवून आपली ओळख आपणच करून दे — नव्याने आलेल्याने स्वतः सांगायचं अशी तिथली रीत आहे. आपल्याकडच्यासारखं कुणी पहिल्या दिवशी चहा घेऊन येईल म्हणून वाट बघत बसलीस, तर बसूनच राहशील.

४. तुझ्या दारावर 'केअरवोखं'ची पाटी लटकलेली दिसली, तर त्या आठवड्याला जिना झाडायची पाळी तुझी आहे, ती चुकवू नकोस. आळीपाळीने झाडण्याची ही पद्धत पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या नगर-नियमांतून आलेली आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी तुझ्या डिग्रीआधी तुझा कोपरा बघतील — शनिवारी हातात झाडू घेतलेली मुलगी दिसली की ओळख निम्मी झालीच. झाडून झालं की पाटी शेजारच्या दारावर अडकव, आणि जमलं तर बेल वाजवून दोन शब्द बोल.

५. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको, रिकाम्या काचेच्या बाटल्याही रविवारी कचराकुंडीत टाकू नकोस — रविवारची शांतता हा तिथे सगळ्यांच्या मालकीचा ठेवा आहे. पार्टी असेल तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लाव आणि तीत शेजाऱ्यांनाही बोलाव. ज्याला बोलावलं तो सहसा तक्रार करत नाही.

६. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आण — मग रविवार फिरायला मोकळा राहतो, आणि तिथले लोक रविवारी फिरतातच.

७. फोडणी देण्याआधी खिडकी उघड आणि स्वयंपाकघराचं दार लाव — मिरचीचा ठसका पॅसेजभर गेला की धूर-सूचक वाजतो आणि अख्खं होस्टेल पायजम्यात खाली उभं राहतं. त्यातूनही ओळखी होतात म्हणा, पण हव्या तशा नाहीत.

८. होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात जेव, ताट घेऊन खोलीत पळू नकोस — खोलीत फक्त पोट भरतं. आठवड्यातला एक वार ठरव आणि त्या दिवशी दोन माणसांचं जास्त शिजव. मंगळवारी तुझ्याकडे खिचडी असते हे महिन्याभरात सगळ्यांना पाठ होईल.

९. वेळापत्रकात 'त्से टे' असं लिहिलेलं लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं, 'एस टे' असेल तर ठोक्याला — ती पंधरा मिनिटं दाराबाहेर घालव, वर्गातल्या ओळखी तिथेच होतात.

१०. हिवाळी सत्राची लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, त्याआधी जुने विद्यार्थी नव्यांसाठी शहरदर्शन, नाश्ता, खेळ ठेवतात. झोप आली तरी जा — तेव्हा सगळेच एकटे असतात, नोव्हेंबरपर्यंत टोळकी ठरून जातात.

११. आता मुख्य गोष्ट. एखाद्या 'फेरआइन'मध्ये शिर. जर्मनीत अशा नोंदणीकृत संस्था सहा लाखांच्या आसपास आहेत, सात माणसं जमली की नवी उभी राहते: गाण्याची, डोंगर चढण्याची, बुद्धिबळाची, बागकामाची. आपल्याकडे मैत्री आधी होते आणि मग बरोबर काहीतरी करायचं ठरतं. तिथे उलटा क्रम आहे, आधी काम आणि कामातून माणूस — म्हणून नुसतं 'कॉफीला भेटू' म्हणत फिरण्यापेक्षा गुरुवारच्या गायनवृंदात दर गुरुवारी उभी राहा. सूर बरा नसला तरी चालतो, गैरहजेरी चालत नाही. आणि तालीम संपल्यावर खुर्च्या रचायला थांब. तिथली खरी बोलणी खुर्च्या रचतानाच होतात, आणि नंतर सगळे कुठेतरी बसायला जातात तेव्हा 'तूही येतेस ना?' असा प्रश्न थांबलेल्यालाच विचारला जातो.

१२. विद्यापीठाच्या खेळवर्गांची नोंदणी सुरू होण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेव — चांगले वर्ग बघता बघता भरतात, मग सत्रभर खिडकीतून बघावं लागतं.

१३. भाषेचा जोडीदार शोध: तासातला अर्धा वेळ जर्मन, अर्धा वेळ त्याला हवी ती भाषा — दोघंही अडखळतात, त्यामुळे कुणीच कुणाला हसत नाही. वर्ग इंग्रजीत आहेत म्हणून जर्मन टाळू नकोस, बेकरीतल्या बाई इंग्रजीत शिकलेल्या नाहीत. मोडकी भाषा घर जोडते, मिटलेलं तोंड मोडतं.

१४. कुणाला 'ये एकदा घरी' म्हणालीस, तर लगेच दिवस आणि वेळ सांग — ते डायरी काढतील. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली म्हणजे टाळलं असं मनात आणू नकोस. लिहिलेली भेट ते पाळतात, आणि तूही पाळ.

१५. पाच मिनिटं उशीर होणार असेल तर निरोप टाक — तो त्यांना खरा आदर वाटतो.

१६. वयाने मोठ्या माणसांना आधी 'झी' (अहो-जाहो) म्हण, 'डू' (अरे-तुरे) म्हणायची परवानगी त्यांच्याकडून येऊ दे — ती मिळाली की एक पायरी वर चढलीस समज. विद्यार्थी आपापसांत पहिल्यापासून 'डू'च असतात, तिथे उगाच शिष्टपणा नको.

१७. जेवायला बोलावलं तर फुलं ने, पण लाल गुलाब नको — त्याचा अर्थ प्रेमाचा घेतात, आणि तुला ते म्हणायचं असेल तर मला आधी कळव. बूट दारात काढायचे का ते विचार, बहुतेक घरांत काढतातच.

१८. वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवससुद्धा आधी देऊ नकोस — अपशकुन मानतात. आणि तुझ्या वाढदिवसाला केक तूच न्यायचा आहेस. कुणी आणला नाही म्हणून रुसशील, मी ओळखते तुला.

१९. ग्लास उंचावताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघ. दारू घेत नसशील तर सफरचंदाचा रस सोडा घालून माग — कुणी कारण विचारत नाही, आणि टेबलावरची जागा तर राहतेच.

२०. 'हे तू चुकीचं केलंस' असं कुणी सरळ तोंडावर सांगितलं तर उशीत तोंड खुपसून रडू नकोस — तो दोष कामाला असतो, तुला नसतो. श्वाबेनमध्ये तक्रार आली नाही म्हणजेच कौतुक झालं असं धरतात, तेव्हा मौनालाही शाबासकी समज.

२१. माउलटाशेन या कणकेच्या पाकिटांच्या सारणात परंपरेने मांस असतं, मसूर आणि श्पेट्झलं नावाच्या शेवयांबरोबर सॉसेज येतं, आणि तिथल्या ब्रेत्सल पावाच्या कणकेतही कधी कधी डुकराची चरबी घालतात. शाकाहारी राहणार असशील तर हसून आणि आधी विचार — वाढल्यावर नाक मुरडण्यापेक्षा ते बरं. चीज आणि तळलेल्या कांद्याची श्पेट्झलं मात्र मनसोक्त खा.

शहर ओळखायचं तर ते पायाने. डोंगरउतारावर चारशेहून जास्त जुने पायऱ्यांचे जिने आहेत, एकेकाळी द्राक्षमळ्यांत जायच्या त्या वाटा. कुणी 'चल चढू' म्हणालं तर लगेच जा, चढताना धाप लागते आणि माणूस खरं बोलतो.

२२. सप्टेंबरच्या शेवटी श्टुटगार्टमधल्या कानश्टाटच्या मैदानात मोठी जत्रा भरते, तिथे जाताना तिची गोष्ट माहीत असू दे. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. मग राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ मध्ये शेतकऱ्यांचा उत्सव म्हणून ही जत्रा सुरू केली, आणि होहेनहाइमची शेतकी शाळा, आजचं विद्यापीठ, तीही त्याच वर्षी निघाली. आपल्याकडे पेशवाई बुडाली तेच हे साल, म्हणून विसरणार नाहीस. मैदानातला फळा-धान्यांनी सजवलेला उंच खांब त्या भुकेची आठवण आहे — बियरच्या तंबूत शिरण्याआधी त्याच्यापाशी थांबून बरोबरच्या माणसाला त्याबद्दल विचार. आपल्या मुलखाची गोष्ट कुणी विचारली की ही अबोल माणसं बोलू लागतात.

२३. दारावर झाडू टांगलेलं घर दिसलं की आत जा, द्राक्षमळेवाले वर्षातले जास्तीत जास्त चार महिने आपल्याच घरात आपली वाइन आणि साधं जेवण विकतात — बाकं लांब असतात, अनोळखी माणसाच्या शेजारीच बसावं लागतं. 'इथे जागा आहे का?' एवढं विचारायचं.

२४. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला रेल्वेने रोटवाइलला जा. फास्नेटच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या, सोमवारी सकाळी आठला जुन्या वेशीतून लाकडी मुखवटे घातलेली माणसं उड्या मारत निघतात. मुखवट्याला हात लावू नकोस — घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात, आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांना जसा कुणी परका हात लावत नाही तसं.

२५. भारताबद्दल लोक विचारतील तेव्हा त्यांच्या ओळखीच्या धाग्यापासून सुरू कर. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. मल्याळमचा मोठा शब्दकोश करणारे हेरमान गुंडर्ट १८१४ मध्ये याच शहरात जन्मले, आणि लेखक हेरमान हेसे त्यांचा नातू. उन्हाळ्यात भारतीय चित्रपटांचा महोत्सवही भरतो, त्यातल्या मराठी सिनेमाला तुझ्या गायनवृंदाला घेऊन जा — मग सांगायचं काम सिनेमा करतो, तुला फक्त नंतरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात.

२६. मराठी घरांतल्या गणपतीला जा, मोदक खा, मनसोक्त मराठी बोल. पण आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी तिथेच नको — आपल्या माणसांत मन शांत होतं, आणि नव्या माणसांकडे जायचं बळ त्यातूनच येतं. पुढच्या वर्षी आरतीला तुझी जर्मन मैत्रीण बरोबर असू दे, टाळ तिच्या हातात दे.

२७. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकानं बंद होतात, होस्टेल रिकामं होतं, आणि तो दिवस एकटीला जड जातो. नोव्हेंबरपासूनच सगळ्यांना सांगून ठेव की तू सुट्टीत इथेच आहेस — नाताळ घरच्यांचा सण असल्याने आपणहून बोलवायला ते कचरतात, पण कुणी एकटं आहे असं कळलं की आई-आजीच आग्रह धरते. बोलावणं आलं तर दुसऱ्या दिवशी परत यायची गाडी आहे का ते आधी बघ, सणाला गाड्या कमी असतात. बरोबर बेसनाचे लाडू ने, आणि त्यात काजू-बदाम आहेत हे दारातच सांग, कुणाला त्रास असू शकतो.