कोठडीतली दाढदुखी

रिसोड तालुक्यातला हा माणूस आता दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतो आणि भाकर एकाच बाजूने चावतो. दुसऱ्या बाजूला दाढा उरलेल्या नाहीत. दारूच्या नशेतल्या एका मारामारीत तो आत गेला, जामिनाला कोणी उभं राहिलं नाही म्हणून मुक्काम लांबला. नाव छापू नका म्हणतो. बाकी सगळं मोकळेपणी सांगतो.

त्याची दाढ तुरुंगात किडली नव्हती, बाहेरच किडली होती. पण दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि संध्याकाळी देशी, म्हणून ठणका कधी नीट जाणवलाच नाही. जाणवलाच तर तिथेच तंबाखू दाबायची. "आत गेलो, दारू बंद, खर्रा बंद. मंग दाढ अशी उठली, मले वाटलं डोकंच फुटते." बराकीतले सोबती म्हणाले, नशा उतरून राहिली, असं होतेच. पहाऱ्यावरच्या शिपायालाही तेच वाटलं. व्यसनी माणूस 'दुखतंय' म्हणाला की गोळ्यांसाठी बहाणा करतोय, हा समज तुरुंगापुरता नाही. गावच्या दवाखान्यातही तो भेटतो. गाल सुजून डोळा मिटायला आला तेव्हा कुठे डॉक्टर मिळाला, आणि तोवर दाढ वाचवायची वेळ निघून गेली होती.

म्हणून आता तो ओळखीच्यांना एकच गोष्ट बजावतो: पहिल्याच तपासणीत तोंड उघडून दाखवा, दुखणं कागदावर येऊ द्या. कायदा इथे कैद्याच्या बाजूने आहे. तुरुंग कायद्यानुसार आत येणाऱ्या कैद्याची लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, आणि कोणी डॉक्टरला भेटायचं म्हटलं किंवा आजारी दिसला तर ते तुरुंगाधिकाऱ्याला विनाविलंब कळवावं लागतं. पोलीस कोठडीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 साली दर 48 तासांनी तपासणीचा दंडक घातला.

खरी अडचण त्यानंतरची. बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो; तो मिळाला नाही की तारीख हुकते. मे 2021 मध्ये तळोजा कारागृहात असलेले प्राध्यापक हनी बाबू यांच्या डोळ्याला संसर्ग झाला. रुग्णालयाने दोन दिवसांनी परत बोलावलं होतं, पण सोबत द्यायला अधिकारी नाही म्हणून नेलं गेलं नाही, असं त्यांच्या घरच्यांनी जाहीरपणे सांगितलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यांच्यामागे वकील होते, बातम्या झाल्या. मजुराच्या दाढेची बातमी कोण करणार?

वकील मात्र मजुरालाही मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला तो मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. घरच्यांनी वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा 15100 वर फोन करावा आणि वकिलाकरवी उपचारासाठी न्यायालयात अर्ज द्यावा. तारखेला हजर केल्यावर आरोपी स्वतःही न्यायाधीशांना सांगू शकतो. हा मजूर मात्र तिथे मान खाली घालून उभा राहिला होता.

डॉक्टरपासून व्यसन लपवणं सगळ्यात महागात पडतं. दारूने यकृत बिघडलं असेल तर दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. दारू सोडायला डायसल्फिराम चालू असताना दाताच्या संसर्गावर मेट्रोनिडाझोल घेतलं तर माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. त्या काळात अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा नको. ब्राउन शुगर किंवा ट्रामाडोलची सवय सोडणाऱ्याने तर गोळी लिहिण्याआधीच तसं सांगावं. दातदुखीला बहुतेकदा आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं पुरतात, पण यकृत किंवा पोट बिघडलेल्याला त्यांचीही मात्रा डॉक्टरनेच ठरवायची.

खर्ऱ्याचं वेगळंच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र टपरीवर घोटून मिळतो. त्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा आखडते. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायलाच हवं. हा विकार पुढे कर्करोगाकडे नेऊ शकतो.

मुलाखतीला जाणाऱ्या घरच्यांनी जेवणाखाण्याबरोबर तोंडाचंही विचारावं. गाल किंवा गळा सुजला, ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला तर थांबू नका. दाताचा संसर्ग गळ्यात उतरला तर श्वास कोंडतो. त्याच दिवशी कारागृह अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.