घोडा का बुजतो?

(गवत खाऊन जगणाऱ्या प्राण्यांजवळ शिकारी प्राण्यांसारखी नखे नसतात, सुळे नसतात. तरीही ते शिकारी प्राण्यांपासून आपला जीव वाचवतात. ते कसे, हे या पाठात घोडा, काळवीट, चीतळ व ससा यांच्या उदाहरणांनी सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही टांग्याचा घोडा पाहिला असेल. लग्नाच्या वरातीतील नवरदेवाची घोडी तर नक्कीच पाहिली असेल. शांतपणे चालणारा घोडा कधीकधी एकाएकी थबकतो. मान वर करतो, कान टवकारतो, नाकपुड्या फुलवतो आणि झटकन बाजूला उडी घेतो. आपण पाहावे, तर वाऱ्याने उडालेली एक साधी प्लॅस्टिकची पिशवी! लोक हसतात. "एवढे मोठे जनावर आणि पिशवीला भिते!" असे म्हणतात. घोडा असा दचकला, की मराठीत 'घोडा बुजला' असे म्हणतात.

घोड्याचे वजन चारशे-पाचशे किलो असते. तो माणसाला पाठीवर घेऊन धावतो, भरलेली गाडी ओढतो. मग तो पिशवीला का भितो? तो भित्रा आहे का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला गावातल्या रस्त्यावर मिळणार नाही. त्यासाठी मोकळ्या माळरानावर जावे लागेल. घोड्याचे पूर्वज तेथेच राहत असत.

'शिकार' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. जो शिकार करतो तो शिकारी. ज्याची शिकार होते त्याला मराठीत 'भक्ष्य' म्हणतात. वाघ, बिबट्या, लांडगा हे शिकारी प्राणी आहेत. घोडा, हरीण, ससा हे त्यांचे भक्ष्य. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वाघाचे बरेचसे हल्ले फसतात. हल्ला फसला तर वाघ त्या दिवशी उपाशी राहील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करील. पण भक्ष्य एकदा जरी चुकले, तर त्याला दुसरा दिवस मिळत नाही. शंभर वेळा उगाच धावले तर थोडी दमणूक होते, एवढेच. एकदा धावायचे राहून गेले तर प्राण जातात. म्हणून माळरानावर 'आधी पळा, मग विचार करा' हाच नियम चालतो. हजारो पिढ्या जे घोडे या नियमाने वागले तेच जगले. आपल्या रस्त्यावरचा घोडा त्यांचाच वंशज आहे.

पण पळण्यासाठी धोका वेळेवर कळला पाहिजे. गवतात दबा धरून बसलेला शिकारी अगदी जवळ आला, तर नुसता वेग काय कामाचा? म्हणून निसर्गाने घोड्याला पायांइतकेच चांगले डोळे आणि कान दिले आहेत.

प्रथम डोळे पाहू. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत. मांजर आणि वाघ यांचे डोळे चेहऱ्याच्या समोर असतात. त्यामुळे भक्ष्य किती अंतरावर आहे, हे त्यांना अचूक कळते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता तो सुमारे ३५० अंशांपर्यंत पाहू शकतो. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे असते, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. म्हणजे गवत खाता खाताही घोडा जवळजवळ चारही बाजूंना पाहत असतो. त्याला दिसत नाहीत अशा जागा फक्त दोन. एक कपाळाच्या अगदी समोर आणि दुसरी शेपटीच्या अगदी मागे. मंद प्रकाशातही त्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते. मात्र उजेडातून अंधारात शिरताना त्याच्या डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून अंधाऱ्या तबेल्याच्या दारात घोडा अडून उभा राहिला, तर तो हट्टी आहे असे समजू नये.

आता कान. घोडा आपले दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो. एक कान पुढे आणि एक मागे, असे तो सहज करतो. आपल्याला ऐकू न येणारे काही उंच आवाजही त्याला ऐकू येतात. घोड्याचे कान ज्या दिशेला, त्या दिशेला त्याचे लक्ष, असे समजावे. कान डोक्यावर मागे चपटे टेकवले, तर तो रागावला आहे असे जाणावे. घोड्याचे नाकही तीक्ष्ण असते. वाऱ्याबरोबर आलेला अनोळखी वास तो ताबडतोब ओळखतो. त्याची कातडी इतकी संवेदनशील असते, की अंगावर माशी बसली तरी तेवढीच जागा तो थरथरवतो.

घोड्याची झोपही सावध असते. दिवसरात्र मिळून तो तीन-चार तासच झोपतो आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. त्याच्या पायांचे सांधे कुलूप लावल्यासारखे घट्ट राहू शकतात. त्यामुळे तो उभ्या उभ्या डुलकी घेतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला थोडा वेळ आडवे व्हावेच लागते. अशा वेळी कळपातला एखादा तरी घोडा बहुधा जवळ उभा राहून पहारा देतो. घोडीचे पिल्लू म्हणजे शिंगरू. ते जन्मल्यानंतर साधारण तासाभरात उभे राहते आणि काही तासांतच आईबरोबर धावू लागते. माणसाच्या बाळाला पहिले पाऊल टाकायला जवळजवळ एक वर्ष लागते. शिंगराला एवढी सवड कोण देणार?

धोका कळला, की घोडा चौखूर उधळतो. त्याचे पाय धावण्यासाठीच घडले आहेत. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचा पूर्वज एखाद्या लहान कुत्र्याएवढा होता. त्याच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटे होती. हळूहळू बाजूची बोटे लहान होत गेली. आजचा घोडा प्रत्येक पायाच्या एकाच मधल्या बोटावर धावतो. त्या बोटाचे जाड, कठीण नख म्हणजेच खूर. पायाच्या खालच्या भागात मांस जवळजवळ नसते, फक्त हाडे आणि बळकट स्नायुबंध असतात. त्यामुळे पाय हलका राहतो आणि भरभर उचलला जातो. घोडा चौखूर धावतो तेव्हा त्याच्या प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास होतो. शिवाय त्याच्या प्लीहेत रक्तपेशींचा साठा असतो. धावताना हा साठा रक्तात मिसळतो आणि शरीराला जास्त प्राणवायू मिळतो.

२००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्ट याने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. माणसांत तो विक्रम ठरला. शर्यतीचा घोडा ताशी ६० किलोमीटर वेगाने धावू शकतो. या वेगाने १०० मीटर अंतर किती सेकंदांत संपेल? गणित करून पाहा. उत्तर येते फक्त सहा सेकंद!

जीव वाचवण्याची ही विद्या केवळ घोड्याकडेच आहे, असे नाही. आपल्या महाराष्ट्रात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे. ते १९८० साली स्थापन झाले. काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकते. आज त्याच्या आसपासचा कोणताही शिकारी प्राणी एवढा वेगवान नाही. मग एवढा वेग कशासाठी? पूर्वी भारताच्या माळरानांवर चित्ते होते आणि काळवीट हे त्यांचे आवडते भक्ष्य होते. चित्ता काळविटाहूनही वेगवान असतो, पण काहीशे मीटरमध्येच तो दमतो. तेवढा वेळ जे काळवीट निसटले, ते वाचले. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. चित्ता गेला, तरी काळविटाचा वेग राहिला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतील नामिबिया देशातून काही चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले.

दाट जंगलात मात्र फार वेगाने धावता येत नाही. तेथे शेजाऱ्यांची मदत उपयोगी पडते. ताडोबाच्या जंगलात चीतळांचे कळप पुष्कळदा वानरांच्या झाडाखाली चरताना दिसतात. वानरे वरून पाने आणि फळे टाकतात, ती चीतळांना मिळतात. वानर उंचावरून लांबचे पाहते, चीतळ खालचा वास आणि आवाज टिपते. वाघ किंवा बिबट्या दिसला, की वानर खोकल्यासारखा कर्कश आवाज करते. चीतळही जमिनीवर पाय आपटते, शेपटी वर करते आणि ओरडते. एकाने दिलेला इशारा सारे जंगल ऐकते. आपण लपलो होतो ते उघड झाले, हे कळल्यावर वाघही बहुधा शिकार सोडून निघून जातो. येथे एक पाऊलही न धावता जीव वाचला!

ससा आणखी निराळी युक्ती करतो. तो आधी गवतात निश्चल बसून राहतो. शिकारी अगदी जवळ आला, की एकदम उसळी मारतो आणि नागमोडी धावतो. मोठ्या अंगाच्या शिकाऱ्याला तेवढ्या चपळपणे वळता येत नाही.

मित्रांनो, आता पुन्हा आपल्या घोड्याकडे येऊ. माणसाने हजारो वर्षांपूर्वी घोडा पाळला. त्याला लगाम घातला, नाल ठोकली, जीन चढवले. पण त्याच्या मनातले माळरान काही गेले नाही. उडणारी पिशवी पाहून तो 'ही पिशवी आहे' असा विचार करीत बसत नाही. काहीतरी एकदम हलले, एवढेच त्याला कळते. टांगेवाले घोड्याच्या डोळ्यांना बाजूने झापडे लावतात ती याचसाठी. झापडांमुळे घोड्याला फक्त समोरचे दिसते आणि तो सहसा बुजत नाही.

उर्दूत एक म्हण आहे. 'हाकिम की अगाडी और घोडे की पिछाडी से बचो.' तिचा दुसरा भाग तुम्हांला आता शास्त्राच्या आधारे समजावून सांगता येईल. घोड्याच्या अगदी मागची जागा त्याला दिसत नाही. तेथून कोणी गुपचूप आले, तर त्याला शिकारीच आला असे वाटते आणि तो दुगाण्या झाडतो. त्या लाथेने हाड मोडू शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून घोड्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे, हळू आवाजात बोलत जावे. प्रथम मालकाला विचारावे. घोड्याजवळ धावू नये, ओरडू नये. वरातीत घोडीच्या पायांजवळ फटाके तर कधीच लावू नयेत. ज्याचे कान इतके तीक्ष्ण, त्याला तो आवाज कसा वाटत असेल? शिवाय लगाम घट्ट धरलेला असतो आणि गर्दीमुळे वाट बंद असते. पळणे हाच ज्याचा एकमेव उपाय, त्याचा तोही उपाय आपण काढून घेतो. मग घोडी उधळली, माणसे तुडवली गेली, तर दोष घोडीचा कसा म्हणावा?

भिणे आणि सावध असणे यांत फरक आहे. घोडा भित्रा नाही, सावध आहे. त्याच्या सावधपणामुळेच त्याची जात कोट्यवधी वर्षे टिकली. आता तो माळरान सोडून आपल्या दारी आला आहे. त्याला आपली भीती वाटणार नाही असे वागणे, हे आपले काम आहे.

शब्दार्थ
बुजणे – दचकून बाजूला होणे
भक्ष्य – ज्याची शिकार होते तो प्राणी
दबा धरणे – हल्ला करण्यासाठी लपून बसणे
शिंगरू – घोड्याचे पिल्लू
निश्चल – न हलता
नागमोडी – वळणावळणाचे
प्लीहा – पोटातील एक अवयव (उर्दूत : तिल्ली)

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) घोडा मान न वळवता सुमारे किती अंशांपर्यंत पाहू शकतो?
(२) रेहेकुरीचे अभयारण्य कोणत्या प्राण्यासाठी आहे?
(३) चीतळ धोक्याचा इशारा कसा देते?

प्र. २. कारणे लिहा.
(१) घोड्याच्या मागून जाऊ नये.
(२) टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात.
(३) अंधाऱ्या तबेल्याच्या दारात घोडा अडतो.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
कान टवकारणे, दबा धरणे, चौखूर उधळणे, दुगाण्या झाडणे.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
'घोडा भित्रा नाही, सावध आहे.' हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

उपक्रम : लगाम, जीन, नाल, चाबूक, शिकार हे शब्द मराठीत व उर्दूतही आहेत. असे आणखी दहा शब्द शोधा. ते दोन्ही लिप्यांत लिहून वर्गात लावा.