जुन्या फायली आणि नवा लॅपटॉप

मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करतो. आमच्या कामाचा हंगाम म्हणजे दिवाळी अंक. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, ही तारीख नेमकी त्या हंगामाच्या शेवटी येत होती. माझा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. यंत्र ठणठणीत होतं, पण पात्र नव्हतं.

दुकानदार म्हणाला, ‘‘तपासणी टाळून अकरा टाकून देतो.’’ मी नको म्हटलं. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बदल करायचा होता तो अपडेटसाठीच. आमच्याकडे दहा प्रकाशकांचे पेनड्राइव्ह येतात-जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरचा पॅच मार्चमध्येच आला होता. अडकली ती पॅच न बसवलेली यंत्रं.

म्हणून मी नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट घेतलं आणि जुनी डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली. मिंटने मला निराश केलं नाही. वेग वाढला. लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित उमटत होती. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे असतो, त्यामुळे बोटं अडली नाहीत. टाइपरायटरच्या जुन्या क्रमाने लिहिणाऱ्यांनी मात्र आपला लेआउट आधी बसवून पाहावा.

अडचण आली ती एका पुनर्मुद्रणाच्या वेळी. पुस्तक वीसेक वर्षांपूर्वी जुळवलेलं. प्रकाशकाला नवी आवृत्ती लवकर हवी होती. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि ज्याच्या-त्याच्या फॉन्टची बसवणूक वेगळी. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. तो फॉन्ट वापरणारं माझं जुनं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं, तेही यूएसबी डोंगल लावल्यावर. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’मधून ते चालवायचा प्रयत्न केला, पण डोंगल ओळखलं गेलं नाही. शेवटी कपाटातली डिस्क परत लावली तेव्हा पुस्तक उघडलं.

मजकूर लगेच युनिकोडमध्ये बदलून घेतला, आणि इथे प्रत्येक मराठी अक्षरजुळणीकाराला कळकळीने सांगावंसं वाटतं: हे काम पुढे ढकलू नका, आणि रूपांतरकावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतरकाने हे सगळं जागच्या जागी हलवावं लागतं, आणि जोडाक्षर लांबलं की तो चुकतो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर शुद्धलेखन-तपासणी गप्प बसते, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. अशा मजकुराचं मुद्रितशोधन पहिल्या पानापासून, मूळ छापील प्रत शेजारी ठेवूनच करावं लागतं. पेजमेकरच्या फायली असतील तर आणखी घाई करा. इनडिझाइनची सीएस ६ ही आवृत्ती त्या उघडत असे, नंतरच्या उघडत नाहीत.

लॅपटॉप निवडताना म्हणूनच मी आता कामातल्या सर्वांत हट्टी वस्तूपासून सुरुवात करायला सांगतो. माझ्याकडे ती डोंगल होती. कर सल्लागाराकडे डिजिटल सहीचं टोकन किंवा टॅली असेल. टॅली विंडोजसाठीच बनतं, तेव्हा तिथला प्रश्न बराचसा आधीच सुटलेला असतो. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि युनिकोड मजकुरात चालतं, त्या अनुवादकाने किंवा संपादकाने लिनक्सला बिनधास्त संधी द्यावी. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून मिंट चालवता येतं. त्यात वाय-फाय, प्रिंटर आणि आपल्या जुन्यात जुन्या फायली तपासा. कालची फाइल उघडली म्हणून समाधान मानू नका.

मांडणीकाराला मॅकचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. इनडिझाइन तिथे छान चालतं, लिनक्सवर ते मिळतच नाही. पण ॲपलने २०२० पासून आणलेल्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर विंडोज थेट चालवू देणारं बूट कॅम्प नाही. विंडोज चालवायचं तर आभासी यंत्रात, आणि तेही एआरएमसाठीचं. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर तिथे बसेल असं धरून पैसे भरू नका.

अपडेटचा आधार कधी संपतो तेही खरेदीआधीच विचारा. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं मिळतात. विंडोज १० साठी वैयक्तिक वापरकर्त्यांना जादा मुदतीची योजना आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेवढ्या काळात फायली बदलून घ्यायच्या असतील तर ती उपयोगी आहे. कायमची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

सध्या रोजचं लेखन-संपादन मिंटवर होतं आणि मांडणी नंतर घेतलेल्या विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर. जुनी विंडोज १० ची डिस्क फक्त रूपांतरासाठी लावतो, तेव्हा वाय-फाय बंद असतं. नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप सुरू झालेलं असतं. पहिल्याच दिवशी त्याची रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा आणि लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता दुसरीकडे ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये फेरफार झाला, तर विंडोज तीच मागू शकतं.